गर्द दुकानात मिळू लागले, तर गुंडगिरी थांबेल का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. कंपाउंडर शटर अर्धे ओढून दिवसाचा हिशेब लावीत होता. तेवढ्यात एका मोटारसायकलवर तिघे जण दवाखान्यासमोर येऊन थांबले. मधल्या मुलाच्या दंडाला टॉवेल गुंडाळला होता आणि तो रक्ताने भिजला होता. वय असेल बावीस-तेवीस. सोबत वडील आणि चुलतभाऊ. वडील एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, माझे वीस वर्षांपासूनचे पेशंट. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"काचेवर पडला, साहेब," वडील म्हणाले.

तीस वर्षे जखमा पाहिल्यावर काचेची जखम कोणती आणि चाकूची कोणती हे सांगावे लागत नाही. मी जखम दाबून धरली, घट्ट पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि सांगितले, "जखम खोल आहे, टाके सरकारी रुग्णालयातच घालावे लागतील. आणि ही मारहाणीची केस आहे, पोलिसांना कळवावे लागेल." त्यासरशी वडिलांनी हात जोडले. "पोलीस नको, साहेब. मारणारा राहील बाजूला, माझं पोरगंच आत जाईल."

मग खरे बाहेर आले. मुलगा आधी झोपेच्या गोळ्या खात असे. पुढे त्याला 'एमडी' म्हणजे मेफेड्रोनची पूड मिळू लागली. उधारी अठरा हजारांवर गेली. माल देणारा वसुलीला आला होता.

जीप येईपर्यंत आम्ही पायरीवर उभे होतो. कंडक्टरसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, एक विचारू? दारू सरकार विकू देतंच ना? मग हे पण दुकानात ठेवा. तिकीट फाडल्यासारखी पावती द्या. पोरगं नशा करील ती करील, पण निदान चाकू तरी खाणार नाही."

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. प्रश्न मात्र साधा नव्हता. मोठमोठ्या देशांत विद्वान मंडळी हाच प्रश्न विचारीत आली आहेत. गेले काही महिने मी त्यावर वाचले, जुन्या आठवणी तपासल्या. आजच्या लेखात त्या बापाला द्यायचे राहिलेले उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

धंद्यात चाकू कुठून येतो?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. नशेचा पदार्थ घेतल्याने माणूस आक्रमक होतो, हे काही पदार्थांच्या बाबतीत खरे आहे. दारू आणि मेफेड्रोन त्यांत येतात. पण टोळ्यांमधली मारामारी नशेमुळे होत नाही. ती धंद्याच्या स्वरूपामुळे होते.

आपला किराणा दुकानदार उधारी बुडाली तर काय करतो? चारचौघांत बोलतो, फार तर कोर्टात जातो. गर्द विकणारा कोर्टात जाऊ शकत नाही. त्याच्याकडे बिल नाही, करार नाही, साक्षीदार नाही. माल लुटला गेला तर तो पोलिसांत तक्रार देऊ शकत नाही. शेजारच्या गल्लीत दुसऱ्याने दुकान मांडले तर त्याला बाजार समितीकडे जाता येत नाही. त्याच्यापाशी एकच न्यायालय असते, ते म्हणजे चाकू. शिवाय पकडले जाण्याची जोखीम असल्याने मालाला भाव प्रचंड येतो, आणि जिथे एवढा पैसा आणि कायद्याचा आधार नाही, तिथे टोळी लागतेच.

तेव्हा कंडक्टरसाहेबांचे म्हणणे तर्काला धरूनच होते. पावती आली की चाकू जाईल. आता प्रत्यक्षात काय झाले ते पाहू. सुदैवाने म्हणा वा दुर्दैवाने, हा प्रयोग जगात अनेकदा झाला आहे.

अमेरिकेची दारूबंदी

अमेरिकेत १९२० च्या जानेवारीत देशभर दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी ती उठली. मधल्या तेरा-चौदा वर्षांत शिकागोच्या अल कपोनसारखे टोळीवाले गब्बर झाले. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोच्या एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. १९३३ साली त्या देशात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ९.७ खून होत होते. बंदी उठल्यावर हे प्रमाण उतरत गेले आणि दहा वर्षांनी ते पाचाच्या आसपास आले. सगळे श्रेय दारूबंदी उठण्याला देता येणार नाही, पण काही वाटा निश्चित आहे.

मात्र एक दुसरा आकडा डॉक्टर म्हणून मला विसरता येत नाही. यकृताच्या सिरोसिसने मरणाऱ्या अमेरिकन पुरुषांचे प्रमाण १९११ साली लाखामागे २९.५ होते. १९२९ साली ते १०.७ वर आले होते. म्हणजे बंदीच्या काळात टोळ्या वाढल्या हे खरे, आणि लोकांची यकृते वाचली हेही खरे. हा दुहेरी हिशेब लक्षात ठेवला नाही तर या विषयावर नुसतेच भांडण होते. एक जण गोळीबार मोजतो, दुसरा जलोदराचे पेशंट मोजतो, आणि दोघांनाही आपलेच गणित बरोबर वाटते.

आपल्या मुंबईचा धडा

इतक्या लांब जायचीही गरज नाही. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. ज्यांना दारू लागतेच त्यांना डॉक्टरी कारणावरून परवाना मिळे. आमच्या व्यवसायातील बुजुर्ग सांगत, त्या काळी दवाखान्यात खोकल्याचे पेशंट कमी आणि परवान्यासाठी दाखला मागणारे जास्त येत. ज्यांना दाखला मिळत नसे त्यांच्यासाठी हातभट्ट्या होत्या. व्ही. टी. स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार या हातभट्टीच्याच जोरावर मुंबईतला मोठा दादा झाला. १९६० च्या दशकापासून परवान्यांचे नियम सैल होत गेले, उघड दुकाने आली, आणि हातभट्टीचा तो जुना रुबाब हळूहळू गेला.

इथपर्यंत कंडक्टरसाहेबांचा मुद्दा पक्का होतो. पण मुंबईचाच दुसरा धडा आहे तो सोन्याचा.

सुवर्ण नियंत्रण कायद्यामुळे सोन्याची चोरटी आयात हा टोळ्यांचा मोठा धंदा झाला होता. हाजी मस्तानचे नाव त्यातूनच घराघरांत पोचले. हा कायदा १९९० साली रद्द झाला आणि १९९२ पासून परदेशातून येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून सोने आणण्याची मुभा मिळाली. चोरट्या सोन्यातला नफा आटला. मग टोळ्यांनी काय केले? घरी बसून भजन केले का? नाही. त्याच दशकात मुंबईने खंडणीचा कहर पाहिला. बिल्डर, हॉटेलवाले, सिनेमावाले यांना फोन जाऊ लागले. १९९७ च्या ऑगस्टमध्ये कॅसेट उद्योजक गुलशन कुमार यांचा भरदिवसा खून झाला. अखेर १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध 'मोक्का' हा खास कायदा करावा लागला.

यातून शिकायचे ते हे की, वस्तू कायदेशीर झाली की त्या वस्तूचा चोरटा धंदा बसतो. टोळी मात्र बसतेच असे नाही. पिस्तूल, माणसे, दहशत आणि वरपर्यंतची ओळख हे तिचे भांडवल तसेच राहते. ती ते भांडवल दुसऱ्या धंद्यात घालते.

चंद्रपूर, मालवणी आणि बोटाद

अलीकडची उदाहरणे घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. ती महिलांच्या मोठ्या आंदोलनातून आली होती आणि त्यामागची कळकळ खरी होती. नवरा पगार पिऊन घरी येतो तेव्हा काय होते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण शेजारच्या जिल्ह्यांतून चोरटी दारू येऊ लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीड तालुक्यात अशी गाडी अडवायला गेलेल्या एका पोलीस उपनिरीक्षकाला त्याच गाडीखाली चिरडून मारण्यात आले. २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने बंदी उठवली. अवैध दारू आणि तीमुळे वाढलेली गुन्हेगारी हेच कारण दिले गेले. शेजारच्या गडचिरोलीत मात्र १९९३ पासूनची बंदी कायम आहे आणि तिथे गावोगावच्या लोकांना सोबत घेऊन व्यसनमुक्तीचे काम चालते.

आता उलट बाजू. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मुंबईत तेव्हा दारूबंदी नव्हती. हाकेच्या अंतरावर परवानाधारक दुकाने होती. पण हातावर पोट असणाऱ्याला तिथली बाटली परवडत नव्हती, म्हणून तो पिशवीतली पीत होता. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद भागात असेच चाळीसवर बळी गेले. तिथे दारूबंदी होती. म्हणजे बंदी असो वा नसो, गरिबाला परवडेल ते विष विकणारा कोणीतरी असतोच.

परदेशातले नवे प्रयोग

दारूचे झाले. आता गांजा, गर्द वगैरेंकडे वळू. इथे वाचकांनी तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात, कारण चर्चेत त्यांची नेहमी खिचडी होते. एक, पदार्थाची विक्रीच कायदेशीर करणे. दोन, विक्री गुन्हा ठेवून, स्वतःपुरता पदार्थ बाळगणाऱ्याला तुरुंगात न टाकणे. तीन, व्यसनी माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार म्हणून औषध देणे.

पहिला प्रकार दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेने गांजाच्या बाबतीत केला. २०१३ च्या डिसेंबरात कायदा झाला आणि २०१७ पासून औषधाच्या दुकानात गांजा मिळू लागला. हेतूंपैकी एक होता टोळ्यांचा पैसा तोडणे. पण जेमतेम पस्तीस लाख वस्तीच्या त्या देशात २०१८ साली चारशेहून अधिक खून झाले, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा बरेच जास्त. कारण टोळ्या गांजावर जगत नव्हत्या, त्यांच्या हातात कोकेन होते आणि भांडणे त्यावरून होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१८ पासून गांजाची उघड दुकाने आहेत. तरी कर आणि परवान्यांच्या खर्चामुळे तिथला माल महाग पडतो आणि चोरटा बाजार चालूच राहिला आहे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण पोर्तुगाल. १ जुलै २००१ पासून तिथे दहा दिवस पुरेल एवढा पदार्थ जवळ सापडला तर फौजदारी खटला होत नाही. त्या माणसाला तीन जणांच्या समितीपुढे उभे करतात. कायदा, आरोग्य आणि समाजकार्य यांतली ती माणसे असतात. ती त्याला उपचाराकडे वळवतात. विक्री हा गुन्हाच आहे. सोबत सरकारने उपचार केंद्रांवर भरपूर खर्च केला. सुयांमधून पसरणाऱ्या एच.आय.व्ही.च्या नव्या केसेस तिथे झपाट्याने उतरल्या.

अमेरिकेच्या ओरेगन राज्याने २०२० साली मतदान घेऊन पोर्तुगालची नक्कल केली. शंभर डॉलरचा दंड, किंवा फोन करून तपासणी करून घेतली तर तोही माफ. पण उपचार केंद्रे वेळेवर उभी राहिली नाहीत आणि फोन करणारे फारच थोडे निघाले. लोक वैतागले. १ सप्टेंबर २०२४ पासून पदार्थ बाळगणे तिथे पुन्हा गुन्हा झाले. शिक्षा काढली, पण तिच्या जागी उपचार ठेवले नाहीत, तर लोकांना फक्त रस्त्यावरची नशा दिसते.

तिसरा प्रकार स्वित्झर्लंडचा, आणि मला तो सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. झुरिक शहरातल्या एका बागेत शेकडो लोक उघड्यावर हेरॉईनच्या सुया टोचून घेत असत. १९९२ साली ती बाग बंद केली. १९९४ पासून, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या जुनाट व्यसनींना सरकारी दवाखान्यात नर्ससमोर शुद्ध हेरॉईन मोजून देण्यास सुरुवात झाली. दुकान नाही, जाहिरात नाही. हे पेशंट करीत असलेल्या चोऱ्यामाऱ्या खूपच घटल्या, कारण दर सकाळी पैसा उभा करण्याची गरज संपली. आणि लोकांना भीती होती तसे नवे व्यसनी वाढले का? झुरिक भागात १९९० साली नव्याने हेरॉईन घेऊ लागलेल्यांची संख्या ८५० होती, ती २००२ साली १५० वर आली. हेरॉईन म्हणजे बंडखोरी असे पूर्वी तरुणांना वाटत असे. आता ते सरकारी दवाखान्यातल्या रांगेचे औषध झाले. २००८ साली तेथील ६८ टक्के मतदारांनी या पद्धतीला पसंती दिली.

आपल्याकडेही याचेच एक सौम्य रूप आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. सुईने नशा करणाऱ्यांसाठी 'नाको'च्या केंद्रांत बुप्रेनॉर्फिनची गोळी कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायला देतात. तलफ शमते, सुई सुटते आणि माणूस कामावर जाऊ लागतो. एमडीला मात्र अशी पर्यायी गोळी नाही. तिथे समुपदेशन, घरच्यांची साथ आणि झोप, उदासी, संशय यांवरचे उपचार एवढ्यावरच भिस्त असते.

कायदेशीर म्हणजे निर्धोक नव्हे

आता मी जरा अवघड जागी येतो. कंडक्टरसाहेब म्हणाले, दुकानात पावतीने मिळू दे. पण काही नशा आपल्याकडे आजही दुकानात पावतीने मिळते. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल. अल्प्राझोलामची गोळी राज्यातल्या काही शहरांत 'कुत्ता गोळी' या नावाने नशेसाठी विकली जाते, हे वाचकांनी बातम्यांत वाचले असेल. ही औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी, असा नियम २०१४ पासून आहे. २०१८ साली ट्रॅमाडॉल तर अमली पदार्थांच्या कायद्याखालीच आणले. नियम चांगला आहे. पण कुंपणच शेत खाऊ लागले तर नियम काय करणार?

त्या मुलाची पहिली चिठ्ठी माझी होती.

दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या काळात झोप येत नाही म्हणून त्याची आई त्याला घेऊन आली होती. मी अल्प्राझोलामच्या दहा गोळ्या लिहिल्या. संख्या आकड्यात लिहिली, शब्दांत नाही. गर्दीची संध्याकाळ होती. पुढे तीच चिठ्ठी त्याने कितीतरी ठिकाणी दाखवली. एका शून्याची भर त्याने स्वतःच घातली होती. हे त्याने मला नंतर सांगितले, तेही आरोप म्हणून नव्हे, गप्पांच्या ओघात. ती रात्र मला नीट झोप लागली नाही.

हीच चूक अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या डॉक्टरांनी अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या सढळ हाताने लिहिल्या. सगळे कायदेशीर होते. चिठ्ठ्या आवळल्यावर सवय लागलेली माणसे हेरॉईनकडे आणि पुढे फेंटानिलकडे वळली. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत तिथे दर वर्षी एक लाखाहून अधिक माणसे नशेच्या अतिसेवनाने मेली. तेव्हा 'कायदेशीर करा' म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगायला हवे की विकणार कोण, लिहिणार कोण, आणि त्याच्यावर नजर ठेवणार कोण.

मग उत्तर काय?

माझे उत्तर असे आहे. गर्द आणि एमडी दुकानात ठेवून गुंडगिरी थांबणार नाही. एक धंदा गेला तर टोळी दुसरा शोधेल आणि आपल्या घरातले पेशंट मात्र वाढतील. दारूचेच पाहा. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात आणि त्यांतल्या ५.७ कोटींना तिचा त्रास आहे. अफूवर्गीय पदार्थांचा त्रास असलेले सुमारे ७७ लाख. कायद्याने मिळणारी आणि न मिळणारी नशा यांतला हा फरक आहे.

पण दुसऱ्या टोकाचे म्हणणेही मला पटत नाही. नुसत्या धाडींनीही टोळी मरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यापासून कुपवाडपर्यंत माग काढून हजारो कोटींचे मेफेड्रोन पकडले. ते उत्तम काम झाले. अशा धाडी हव्यातच. तरी गिऱ्हाईक शिल्लक असेपर्यंत कारखाना दुसरीकडे उभा राहतो.

टोळीचे खरे भांडवल म्हणजे रोज सकाळी तिच्या दारात उभा राहणारा व्यसनी मुलगा. तोच तिचा पगार देतो, आणि पैसे संपले की तोच तिचा विक्रेता होतो. स्वित्झर्लंड आणि पोर्तुगालमध्ये जे थोडेफार जमले त्याचे मर्म हेच आहे की, त्यांनी गिऱ्हाईक टोळीकडून काढून डॉक्टरकडे आणले. दुकान उघडण्यापेक्षा दवाखान्याचे दार उघडणे महत्त्वाचे.

आणि ते दार आपल्या कायद्यात आहे, हे मला स्वतःलाही त्या रात्री ठाऊक नव्हते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात आपणहून उपचार घेतो, तेव्हा त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. अट एवढीच की उपचार पूर्ण करावा. अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. विकणाऱ्याला ही सवलत नाही. "पोरगंच आत जाईल" म्हणून हात जोडणाऱ्या बापाला मी हे तेव्हाच सांगू शकलो असतो तर?

घरच्यांनी काय करावे

१) मुलगा दोन-दोन रात्री जागतो आणि मग दिवसभर झोपतो, वजन उतरते, नाकातून रक्त येते, विनाकारण संशय घेतो, घरातल्या वस्तू किंवा मोबाइल नाहीसे होतात, अनोळखी माणसे वसुलीला येतात. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर ओरडण्याआधी डॉक्टरांना भेटा.

२) झोपेच्या गोळ्या किंवा दारू बऱ्याच दिवसांपासून चालू असेल तर घरी कोंडून एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. या गोष्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने किंवा औषधाच्या आधाराने सोडवायच्या असतात.

३) मुलगा बेशुद्ध आहे, श्वास मंद झाला आहे, ओठ निळसर दिसताहेत, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ ला फोन करा. त्याने काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नका. त्यावर उतारा असतो, पण तो वेळेत द्यावा लागतो.

४) व्यसनमुक्ती केंद्र निवडताना नोंदणी आहे का ते विचारा. साखळीने बांधणे, मारहाण, भेटू न देणे हे उपचार नव्हेत. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणने मारझोड न करता व्यसन सुटते हे महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे.

५) मुलगा पुन्हा घसरला तर 'सगळे पाण्यात गेले' असे समजू नका. मधुमेहात साखर पुन्हा वाढते, तेव्हा आपण पेशंटला घराबाहेर काढत नाही.

६) वसुलीची धमकी येत असेल तर गुपचूप पैसे भरत राहू नका. एकदा दिले की ते पुन्हा येतात. डॉक्टरांशी बोला आणि पोलिसांतही जा.

शेवटी त्या मुलाचे काय झाले ते सांगतो. दंडाला नऊ टाके पडले. पोलिसांनी जबाब घेतला. चाकू मारणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. मुलगा सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी दाखल झाला, घरी आला, दोन महिन्यांनी पुन्हा घसरला आणि पुन्हा दाखल झाला. सध्या तो मामाच्या गॅरेजमध्ये काम करतो आणि दर गुरुवारी वजन करायला माझ्याकडे येतो. गेल्या आठवड्यात ते ५८ किलो भरले. त्या रात्री ४६ होते.

कंडक्टरसाहेब परवा म्हणाले, "साहेब, त्या गुंडाच्या जागी आठ दिवसांत दुसरा उभा राहिला हो."

मी म्हणालो, "राहू द्या. त्याच्या गिऱ्हाइकांत एक कमी आहे."

आणि हो, मी आता झोपेच्या गोळ्यांची संख्या अक्षरांत लिहितो. चिठ्ठीवर तारीख घालतो आणि औषध दिल्यावर तिच्यावर शिक्का मारावा, असे मेडिकलवाल्याला सांगतो. वाचकांनीही आपल्या डॉक्टरांकडे तसा आग्रह धरावा. तो आपला हक्क आहे.